ऑम्ब्री

ऑम्ब्री हा इंग्रजी भाषेतील एक अल्पप्रचलित शब्द आहे. अँब्री आणि अल्मरी ही त्याची अन्य रूपे होत. भिंतीच्या जाडीत सोडलेल्या कोनाड्याला फळ्या व दारे बसवून केलेले फडताळ, किंवा तशाच उपयोगाचे लाकडी कपाट, असा त्याचा अर्थ आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील मठांत ग्रंथ ठेवण्याची ही प्रमुख सोय होती. आज हा शब्द मुख्यतः चर्चमधील पवित्र वस्तूंच्या लहान कपाटासाठी योजला जातो. मराठीतील ‘अलमारी’ हा शब्द याच कुळातील आहे.

व्युत्पत्ती

लॅटिन भाषेत ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे किंवा अवजारे. ती ठेवण्याची जागा ती ‘आर्मारियम’. रोमन लोक अशा कपाटांत वस्त्रे, पैसा आणि ग्रंथांच्या गुंडाळ्याही ठेवीत. त्यामुळे शस्त्रांशी असलेला या शब्दाचा संबंध लवकरच मागे पडला. पुढे या शब्दातील दोन ‘र’कारांपैकी पहिल्याचा ‘ल’ होऊन ‘अल्मारियम’ असे रूप रूढ झाले. जवळजवळ आलेल्या दोन समान ध्वनींपैकी एक बदलण्याच्या या प्रक्रियेला भाषाशास्त्रात विषमीकरण म्हणतात.

जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. तेथे ‘ल’ लोप पावला आणि ‘म’ व ‘र’ यांच्यामध्ये उच्चारसौकर्यासाठी ‘ब’ शिरला. संस्कृत ‘आम्र’पासून ‘आंबा’ आणि ‘ताम्र’पासून ‘तांबे’ हे शब्द सिद्ध होताना असाच ‘ब’ आला आहे. फ्रेंच ‘आर्म्वार’, इटालियन ‘आर्मादिओ’ आणि स्पॅनिश ‘आर्मारिओ’ हे ऑम्ब्रीचे सगोत्र शब्द होत.

ग्रंथसंग्रहासाठी उपयोग

ग्रंथ हाताने लिहिले जात असल्यामुळे मठांतील ग्रंथसंख्या मर्यादित असे. ग्रंथालयासाठी स्वतंत्र दालन बांधण्याची प्रथा सुरुवातीच्या शतकांत नव्हती. मठाच्या चौकाभोवतीच्या ओवरीत, चर्चच्या दाराजवळ, भिंतीत किंवा भिंतीलगत ऑम्ब्री असे आणि ओवरीतच बसून भिक्षू वाचन करीत.

दगडी भिंतीतील ओल हा ग्रंथांचा मोठा शत्रू होता. केंब्रिजजवळच्या बार्नवेल येथील मठाच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या नियमावलीत, ऑम्ब्रीला आतून लाकडाचे अस्तर असावे आणि ग्रंथ एकमेकांवर दाटू नयेत म्हणून आत उभे-आडवे कप्पे असावेत, असे सांगितले आहे. डरहॅम येथील मठाच्या चालीरीतींचे वर्णन करणाऱ्या १५९३ मधील एका वृत्तान्तात, ओवरीत चर्चच्या भिंतीला लागून ग्रंथांनी भरलेल्या मोठ्या लाकडी अल्मरी उभ्या असत, असा उल्लेख आहे.

या कपाटाचे महत्त्व एवढे होते की मठातील ग्रंथपालाला लॅटिनमध्ये ‘आर्मारियस’, म्हणजे अलमारीचा अधिकारी, असे म्हणत. अकराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी घालून दिलेल्या नियमांनुसार, ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या आरंभी सर्व ग्रंथ सतरंजीवर मांडले जात. ग्रंथपाल गतवर्षीची यादी वाची व प्रत्येक भिक्षू आपला ग्रंथ परत करी. ज्याने तो पूर्ण वाचला नसेल, त्याला सर्वांसमक्ष दोष कबूल करून क्षमा मागावी लागे. त्यानंतर नव्या वर्षासाठी ग्रंथ वाटले जात.

अशा कपाटाचे एक प्रसिद्ध चित्र ‘कोडेक्स अमियाटिनस’ या लॅटिन बायबलच्या हस्तलिखितात आहे. ते इ.स. ७१६ पूर्वी ईशान्य इंग्लंडमधील वेअरमथ-जॅरो मठात तयार झाले. सध्या ते फ्लॉरेन्स येथे आहे. चित्रात एज्रा लिहीत बसला असून त्याच्या मागे उघड्या दारांचे कपाट दिसते. त्यातील नऊ ग्रंथ उभे न ठेवता आडवे ठेवलेले आहेत.

अर्थसंकोच

पंधराव्या शतकापर्यंत ग्रंथसंख्या वाढली आणि अनेक मठांत ग्रंथांसाठी स्वतंत्र दालने झाली. १५३६ ते १५४१ या काळात आठव्या हेन्रीच्या राजवटीत इंग्लंडमधील मठ बरखास्त करण्यात आले. त्यांचे ग्रंथ विखुरले, पुष्कळ नष्टही झाले. ग्रंथ गेले तसा शब्दाचा ग्रंथविषयक अर्थही मागे पडला. चर्चमधील पवित्र तेल किंवा प्रसादविधीतील भाकर ठेवण्याचे भिंतीतील कपाट, एवढाच अर्थ मुख्यत्वे उरला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र घरगुती कपाट या अर्थानेही तो टिकला.

‘आमन्री’ या शब्दाशी ऑम्ब्रीची गल्लत होत आली आहे. आमन्री म्हणजे मठातील दानधर्माची जागा; तिचा कपाटाशी संबंध नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील आमन्रीला लोक अपभ्रंशाने अँब्री म्हणतात, अशी नोंद जॉन स्टो याने १५९८ मधील आपल्या लंडनवर्णनात केली आहे.

मराठीशी संबंध

लॅटिन शब्दाचे पोर्तुगीजमध्ये ‘आर्मारिओ’ आणि जुने ‘अल्मारिओ’ असे रूप झाले. त्यावरून ‘अलमारी’ हा शब्द भारतीय भाषांत आला. मलाय भाषेतील ‘अल्मारी’ही पोर्तुगीजमधूनच आलेला आहे. आरंभीच्या ‘अल’मुळे हा शब्द अरबी वाटू शकतो, परंतु त्याचे मूळ लॅटिन आहे.

भाषांतर करताना ऑम्ब्रीसाठी ‘पुस्तकांचे शेल्फ’ हा पर्याय अपुरा ठरतो, कारण शेल्फला दार असतेच असे नाही. भिंतीतील ऑम्ब्रीसाठी ‘फडताळ’ आणि सुट्या लाकडी ऑम्ब्रीसाठी ‘अलमारी’ हे मराठी शब्द अर्थाच्या अधिक जवळ जातात.