कानाच्या मापाचा इअरफोन : शिवून घ्यावा की तयार घ्यावा?

कपडे शिंप्याकडून शिवून घेण्याचे दिवस मागे पडले, पण कानाला मात्र आता माप देऊन इअरफोन करून घेण्याची सोय झाली आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या तरुण मंडळींमध्ये या 'कस्टम' इअरफोनचे बरेच आकर्षण आहे. द्वारकेहून नोएडापर्यंत रोज मेट्रोने जायचे म्हणजे तास-दीड तास हाताशी असतो. मेट्रोत मोठ्याने गाणी लावायला मनाई आहे. मग कानात काहीतरी घालणे आलेच. पण घरातला मुलगा जेव्हा सांगतो की, त्याला पन्नास हजारांचा इअरफोन हवा आहे, तेव्हा आईवडील आ वासून पाहात राहतात. एवढ्या पैशात घरात फ्रीज आणि धुलाईयंत्र दोन्ही येतील!

मुलाला वेड्यात काढण्याआधी ही वस्तू आहे तरी काय ते समजून घेतलेले बरे.

रंगमंचावरून मेट्रोत

याची सुरुवात शौकिनांसाठी झालीच नव्हती. रंगमंचावर गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी मोठे स्पीकर ठेवत. त्यांच्या गदारोळात कित्येकांचे कान कायमचे अधू झाले. १९९५ च्या सुमारास व्हॅन हेलन या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात घट्ट बसणारा मॉनिटर तयार केला. त्यातूनच 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली. पुढे वादकांची ही वस्तू श्रोत्यांनी उचलली.

गंमत म्हणजे यातले बरेचसे तंत्र आपल्या आजोबांच्या श्रवणयंत्रातून आलेले आहे. महागड्या इअरफोनमध्ये 'बॅलन्स्ड आर्मेचर' नावाचा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा स्पीकर असतो. तो मुळात श्रवणयंत्रासाठी विकसित झाला. दुसरा प्रकार 'डायनॅमिक'. त्यात रेडिओच्या स्पीकरसारखाच चुंबक, तारेचे वेटोळे आणि पडदा असतो. पहिला बारकावे छान दाखवतो, तर दुसऱ्याचा खर्ज अधिक भरदार वाटतो. काही कंपन्या दोन्ही एकत्र बसवतात. एका कानात आठ, बारा स्पीकर असल्याच्या जाहिराती वाचून मात्र भुलू नका. आचारी वाढले म्हणून आमटी चांगली होत नाही. त्या साऱ्यांचा मेळ कसा घातला आहे, यावर सगळे अवलंबून असते.

माप कसे घेतात?

माप घेण्याचे काम दुकानदाराचे नाही, ऑडिओलॉजिस्टचे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचे आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. प्रौढ माणसाची कर्णनलिका साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, तिला दोन वळणे असतात. तज्ज्ञ आधी दिव्याने कान तपासतात. मळ असेल तर तो काढावा लागतो. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहात असेल, तर माप घेऊच नये. मग दुसऱ्या वळणापलीकडे दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा ठेवतात, जेणेकरून पडद्याला धक्का लागू नये, आणि पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते आणि कानाची हुबेहूब प्रतिकृती हाती येते.

इथे एक बारीक गोष्ट आहे. तोंड उघडले की जबड्याबरोबर कर्णनलिकेचा आकार बदलतो. म्हणून माप देताना दातांमध्ये ठोकळा धरून तोंड उघडे ठेवायला सांगतात. गाणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचे, नाहीतर तान घेताच हवा शिरते आणि खर्ज गायब होतो! तोंड उघडे की मिटलेले, याबाबत ज्या कंपनीकडून करून घेणार तिच्या सूचना आधी वाचून तज्ज्ञांना दाखवा.

हे साचे मग कंपनीकडे जातात. नावाजलेल्या बऱ्याच कंपन्या परदेशात आहेत. '६४ ऑडिओ' आणि 'जेएच ऑडिओ' अमेरिकेतल्या, तर 'कस्टम आर्ट' पोलंडची. कवच अ‍ॅक्रिलिकचे असेल तर कडक, पण टिकाऊ आणि दुरुस्त होण्याजोगे. सिलिकॉनचे असेल तर मऊ, कानात जास्त घट्ट बसणारे, पण आतला भाग बिघडला तर उघडणे जिकिरीचे.

तुलना करताना

खरी अडचण अशी की, कस्टम इअरफोन घेण्याआधी घालून पाहता येत नाही. तो फक्त तुमच्याच कानाचा. त्यामुळे त्याच मॉडेलची सर्वसाधारण मापाची प्रत ऐकून अंदाज बांधावा लागतो. अशा वेळी दुकानात लावलेले धडाधड गाणे ऐकू नका. तुमच्या नेहमीच्या ऐकण्यातले घ्या. किशोरीताई आमोणकरांचा किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांचा ख्याल लावा. तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात का? डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर चढतो का? पेटी कर्कश वाटते का? बासरी, तबला, लावणीतली ढोलकी, ज्याची आवड असेल ते. दिल्लीत कमानी सभागृहासारख्या ठिकाणी प्रत्यक्ष मैफल ऐकलेली असेल तर कान लवकर निवाडा करतो.

आणि दोन इअरफोन ताडून पाहताना आवाज सारखा ठेवा. जो थोडासा मोठा वाजतो तोच आपल्याला सरस वाटतो. विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते.

कानांचे काय?

मापाच्या इअरफोनच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. मेट्रो भुयारात शिरली, खडखडाट वाढला की अंगठा आपोआप आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे प्रौढांना सुरक्षित आहे. पण दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला जेमतेम ४ तास उरते. म्हणजे द्वारका-नोएडाचे दोन दिवस! आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. नीट बसलेला इअरफोन बाहेरचा आवाज २० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त अडवतो, त्यामुळे गाणे हळू लावले तरी पुरते.

पण हाच गुण रस्त्यावर घातक ठरतो. मागून बिनआवाजाची ई-रिक्षा कधी येऊन ठेपेल ते कळणार नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच दोन्ही कान मोकळे करावेत, यात तडजोड नको. कानात आधीच शिट्टी वाजत असेल, तर इअरफोनआधी श्रवणचाचणी करून घ्या. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र नोएडात आहे, तिथेही ही चाचणी होते.

खिशाचा हिशेब

आता स्पष्टच सांगते. केवळ संगीत ऐकणाऱ्या दहातल्या नऊ जणांना पूर्ण कस्टम इअरफोनची गरज नाही. त्याची किंमत साधारण ५०० डॉलरपासून सुरू होते आणि ३,००० डॉलरच्याही पुढे जाते. वर माप घेण्याची फी, कुरिअर, सीमाशुल्क, जीएसटी. कानात सैल किंवा टोचरा बसला तर पुन्हा परदेशी पाठवायचा. फेरदुरुस्ती किती दिवसांत फुकट करून देतात आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. नकोसा झाला तर विकताही येत नाही, कारण दुसऱ्याच्या कानात तो जाणारच नाही. वाढत्या वयाच्या मुलांना तर देऊच नये, कानही वाढत असतात.

गेल्या काही वर्षांत दोन-तीन हजारांतले तयार इअरफोन इतके सुधारले आहेत की, आधी तेच घ्यावेत. मात्र नेहरू प्लेस असो की लाजपतराय मार्केट, नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली माल नाही ना, हे पाहून पक्के बिल घ्या. तयार टोप्या कानात टिकत नसतील, तर एक मधला मार्ग आहे. श्रवणयंत्रांसाठी साचे करणाऱ्या केंद्रांपैकी काही जण हातातल्या इअरफोनसाठी मापाची सिलिकॉन टोपी करून देतात. काही हजारांत काम होते आणि घट्ट बसण्याचा बराचसा फायदा मिळतो.

पूर्ण कस्टम घ्यावा तो गायक-वादकांनी, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आणि ज्यांच्या कानात कुठलाच तयार इअरफोन बसत नाही त्यांनी. आणि हो, हौसेला मोल नसते म्हणतात, तसा स्वतःच्या कमाईतून हौस करणाऱ्यानेही. घेतलाच तर वायर वेगळी काढता येणारा घ्या, बिघडते ती बहुधा वायरच. अनेक नव्या फोनना इअरफोनचे भोक नसते, तेव्हा जोडणीचा छोटा तुकडाही लागेल.

रात्री इअरफोन कोरड्या कापडाने पुसून, नळीच्या तोंडाशी साचलेला मळ सोबतच्या तारेने अलगद काढून डबीत ठेवावा. दिल्लीच्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. घालताना थोडे मागे फिरवून बसवावा, सरळ दाबू नये.