बगी कीं ट्रक?

बिनतारी आज्ञेवर धांवणाऱ्या चिमुकल्या मोटारींची शर्यत अमेरिकेंत मातीच्या मैदानावर रुजली, तींत असोसिएटेड कंपनीच्या १९८४ सालच्या ‘आरसी-१०’ या बगीचा वाटा मोठा आहे. पुढें ट्रकही आले, आणि नवशिक्यास निवडीचा पेंच पडला.

एक-दशांश मापाची बगी वळणावर चपळ असते. परंतु खड्ड्यांत तिचीं लहान चाकें अडखळतात आणि ती उलटते. स्टेडियम ट्रकचीं चाकें मोठीं, बैठक रुंद. तो चुकार हातास सांभाळून घेतो. मात्र तीं जड चाकें फिरवितांना मोटारीवर ताण पडतो. ट्रॅक्सस कंपनीच्या २००८ सालच्या ‘स्लॅश’सारखा शॉर्ट-कोर्स ट्रक दिसावयास अगदीं खऱ्यासारखा, म्हणून मोह पाडणारा, पण उडी घेतांच त्याचें पोकळ कवच छत्रीप्रमाणें वारा धरतें. जाणते लोक त्यास मागें भोकें पाडतात.

तथापि गुणदोषांहून मोठा प्रश्न सोबत्यांचा. शर्यती वर्गवार होतात. पुरेसे स्पर्धक नसले म्हणजे तो वर्गच धांवत नाहीं, आणि उत्तम यंत्र कपाटांत पडून राहतें. यास्तव पैसे मोजण्यापूर्वीं जवळच्या मैदानावर एक दिवस नुसतें पाहण्यास जावें. कोणता वर्ग भरतो तें पाहावें, आणि तेथील मातीस कोणते टायर चालतात तेंही विचारून घ्यावें. भुसभुशीत जमिनीस बहुधा उंच खुंट्यांचे लागतात, घट्ट जमिनीस आंखूड.