वेगांची बेरीज जिथे चुकते

फास्ट लोकल ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते आहे आणि डब्यातला एक फेरीवाला ताशी ४ किलोमीटर वेगाने इंजिनाच्या दिशेने चालला आहे. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा वेग किती दिसेल? ८४. ही बेरीज कोणी शिकवावी लागत नाही. रोज गाडीने जाणाऱ्याच्या ती अंगातच मुरलेली असते.

आता फेरीवाल्याऐवजी डब्यात कोणीतरी टॉर्च लावला असे समजू. गाडीतल्या माणसाने त्या प्रकाशाचा वेग मोजला तर तो येईल सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. फलाटावरच्या माणसाने मोजला तरी तेवढाच. गाडी सेकंदाला २ लाख किलोमीटर धावत असती, तरीही उत्तर तेच. इथे आपली बेरीज साफ कोलमडते.

एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनाही हे पटले नसते. ध्वनीला हवा लागते, तसे प्रकाशालाही काहीतरी माध्यम हवे, असे ते मानत. त्या माध्यमाला नाव होते ‘ईथर’. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. म्हणजे आपल्याला सतत ईथरचा वारा लागत असणार आणि प्रकाशाचा वेग दिशेनुसार थोडा कमीजास्त भरणार. हा फरक पकडण्यासाठी अल्बर्ट मायकेलसन आणि एडवर्ड मोर्ले यांनी १८८७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एक प्रयोग केला. पाऱ्यावर तरंगणाऱ्या जड दगडी शिळेवर आरसे बसवले, एका प्रकाशकिरणाचे दोन भाग करून ते काटकोनात धाडले, परत आणून एकत्र केले आणि शिळा सावकाश फिरवत निरीक्षणे घेतली. अपेक्षित फरकाचा विसावा भागही हाती लागला नाही. मायकेलसनला हे अपयशच वाटले. खरे तर विज्ञानाच्या इतिहासातले इतके मोलाचे अपयश दुसरे शोधावे लागेल.

दुसरा धागा होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या समीकरणांचा. वीज आणि चुंबकत्व यांच्या नियमांतून त्यांनी १८६०च्या दशकात प्रकाशाचा वेग गणिताने काढला होता. गंमत अशी, की त्या गणितात ‘कोणाच्या दृष्टीने’ हा प्रश्नच कुठे येत नाही. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने ईथर बाजूला ठेवला आणि ते गणित सरळ खरे मानले. एकसमान वेगाने जाणाऱ्या सर्वांसाठी निसर्गाचे नियम सारखे असतील, तर निर्वातातल्या प्रकाशाचा वेगही सारखाच असायला हवा. मग बदलते काय?

पुन्हा लोकलमध्ये जाऊ. डब्यात बसलेली मुलगी चेंडू सरळ वर फेकते आणि झेलते. फलाटावरून पाहिले तर चेंडू सरळ वर न जाता तिरका जाऊन तिरका उतरतो, कारण तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकलेली असते. वाट लांबली, पण गाडीचा वेग मिळाल्यामुळे चेंडूचा वेगही वाढला, त्यामुळे वेळ दोघांना सारखाच दिसतो. आता चेंडूच्या जागी प्रकाशाचा किरण घ्या. तो जमिनीवरून निघाला, छताच्या आरशावर आपटून परत आला. फलाटावरून त्याचीही वाट तिरकी आणि लांब दिसते, पण वेग मात्र वाढत नाही. लांब वाट त्याच वेगाने कापायची तर वेळ जास्त लागणारच. म्हणजे फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने गाडीतले घड्याळ मंद चालते. वेग अढळ राहायचा, तर काळाला आणि अंतराला लवावे लागते.

मग फेरीवाल्याची बेरीज चुकली का? चुकली, पण किंचित. ताशी १०० किलोमीटरच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर त्यांचा एकमेकींच्या दृष्टीने वेग २०० पेक्षा ताशी २ नॅनोमीटरने कमी असतो, तोही पुरता २ नव्हे. केसाची जाडी याच्या हजारो पट असते. आपल्याला ही चूक कधी जाणवली नाही यात नवल नाही.

मोठ्या वेगांना मात्र ती लपत नाही. १९६४ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ९९.९ टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या पायॉन कणांतून बाहेर पडलेल्या गॅमा किरणांचा वेग मोजला गेला. साध्या बेरजेने तो जवळजवळ दुप्पट यायला हवा होता. आला तो प्रकाशाइतकाच.

हे सारे ‘कसे’ झाले. ‘का’ अजून उरतो. माझ्या मते ‘प्रकाशाचा वेग’ हे नावच थोडी दिशाभूल करते. अवकाश आणि काळ यांच्या घडणीतच वेगाची एक कमाल मर्यादा आहे, आणि ज्याला वस्तुमान नाही ते निर्वातात त्याच वेगाने जाते. प्रकाश हा तिथला एकटा प्रवासी नव्हे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण पृथ्वीवर पोहोचले. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर दोघांच्या येण्यात अंतर होते जेमतेम पावणेदोन सेकंदांचे. घडण अशीच का, याचे उत्तर मात्र सापेक्षतावाद देत नाही. तो तिथूनच सुरुवात करतो.

पुरावा पाहायला जिनिव्हाला जायचीही गरज नाही. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळून म्यूऑन नावाचे कण तयार होतात. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात ते मोठ्या प्रमाणावर मोजले जातात. म्यूऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या २.२ पट. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही साडेसहाशे मीटरच्या आसपासच जाता येते, आणि त्याला तर दहा-पंधरा किलोमीटर खाली यायचे असते. तरी असंख्य म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंद चालते. म्यूऑनला विचाराल तर तो म्हणेल, घड्याळ ठीकच आहे, वातावरणच पातळ झाले होते. वर्तमानपत्र धरलेल्या तुमच्या तळहातातून साधारण दर सेकंदाला असा एक कण आरपार जातो आहे.