बोलावणं नसताना येणारी नर्सम्मा

तिरु म्हणजे पवित्र, ऐ म्हणजे पाच, आरु म्हणजे नदी. तंजावरच्या उत्तरेला, कावेरीकाठचं तिरुवैयारू आपल्याला माहीत असतं ते त्यागराजांच्या समाधीमुळे. पण हा मुलूख पावणेदोनशे वर्षं भोसल्यांचाही होता, आणि त्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली. 1801 साली तंजावरचे राजे दुसऱ्या सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तिथली व्यवस्था वाचायला मिळते: आजारी वाटसरूला बरं वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण, गरोदर बाईचं बाळंतपण, पुढे तीन महिने मुक्काम. फार मोठ्या मनाची सोय होती ती. मात्र छत्रापर्यंत पोचलेल्या माणसाचीच. जिला उंबरा ओलांडता येत नाही तिचं काय?

सामुदायिक आरोग्य परिचर्या सुरू होते ती या प्रश्नापासून. लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोननी 1859 मध्ये, बायकोच्या शेवटच्या आजारात तिची शुश्रूषा केलेल्या मेरी रॉबिन्सन यांनाच शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवलं. घरोघर जाणाऱ्या परिचारिकेची आधुनिक व्यवस्था तिथून वाढली.

आज तमिळनाडूत हे काम ग्राम आरोग्य परिचारिका करते. गावची माणसं तिला नर्सम्मा म्हणतात. सपाट प्रदेशात साधारण 5,000 लोकवस्तीमागे तिचं एक आरोग्य उपकेंद्र, हे सरकारी प्रमाण. दवाखान्यातल्या नर्सपुढे येतो तो रोगी; हिच्या जबाबदारीत रोगी नसलेलेही येतात, आणि मला तोच खरा फरक वाटतो.

दिवसाचा क्रम ठरवण्यातही शास्त्र आहे. आधी बाळंतीण आणि तान्हं बाळ, मग गरोदर बाया, आणि खोकल्याचा किंवा संसर्गाचा रुग्ण सगळ्यांत शेवटी. उलट केलं तर तीच आजार पोचवील. पिशवीचे नियमही याचसाठी. घरात गेल्यावर पिशवी जमिनीवर टेकवायची नाही, खाली वर्तमानपत्र अंथरायचं. आधी हात धुवायचे, मगच ती उघडायची. लागेल तेवढं सामान एकदाच काढून पिशवी बंद करायची. निघताना कागदाची खालची, मळलेली बाजू आत घेऊन घडी घालायची.

गरोदर बाईकडे ती रक्तदाब मोजते, वजन घेते, लघवीत प्रथिनं आहेत का पाहते, पायांवर बोट दाबून सूज तपासते. दाब 140/90 किंवा त्याहून वर आणि लघवीत प्रथिनं, ही जोडी दिसली की थांबायचं नाही. त्यात डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच क्षणी गाडी बोलवायची. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, 7 च्या खाली गेलं तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या एवढ्यावर तिचं काम संपत नाही. शौचाला काळी होते म्हणून घाबरून बायका त्या बंद करतात. हे आधीच सांगून ठेवणं हा उपचाराचाच भाग.

हे सगळं चालू असताना तिची नजर घरभर फिरत असते. पाण्याचं भांडं झाकलेलं आहे का? मागच्या दारी टायरमध्ये, नारळाच्या करवंटीत पाणी साचलंय का? डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. कोपऱ्यातले आजोबा काल जेवले का, हेही ती विचारते.

त्या आजोबांसारख्यांसाठी 5 ऑगस्ट 2021 पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही सरकारी योजना आहे. अर्थ सरळ: लोकांना शोधत जाणारं वैद्यक. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घरपोच, गरज असेल तर फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांची वेदनाशामक सेवा. गोळ्या पोचवणारी स्वयंसेविका बहुधा आसपासचीच असते. दीर्घ आजारात रोग्याला बरं वाटायला लागलं की तो औषध सोडतो. दार वाजवणारं कुणी असलं की सोडत नाही.

तमिळनाडूत लसीकरणाचा वार बुधवार. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवलेली असते. कुपीवरच्या, उष्णता दाखवणाऱ्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला, की ती कुपी टाकून द्यायची. संध्याकाळी नोंदवही उघडून नर्सम्मा आलेल्यांपेक्षा न आलेल्यांची नावं आधी पाहते. एखादी आई भातलावणीला गेलेली असते. एखाद्या घरी मागच्या सुईनंतर बाळाला ताप आला होता आणि सासूबाईंनी नको म्हटलेलं असतं. त्या घरी ती रागावत नाही. ओसरीवर बसते, ताप का येतो ते सासूबाईंनाच समजावून सांगते, आणि पुढच्या बुधवारी बाळाला घेऊन तुम्हीच या, असं म्हणते.