यादीत नाव लागले, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवस गावात एकच प्रश्न ऐकू येतो : "किती टक्के पडले?" मग महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या लागतात आणि प्रश्न बदलतो. एकाच विद्यार्थ्याचे नाव दोन-तीन ठिकाणी लागलेले असते आणि पैसे भरायची मुदत असते दोन-चार दिवसांची. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांचा निर्णय मग वाडीतला एखादा नोकरदार दादा घेतो, नाहीतर एस.टी.चे वेळापत्रक घेते. आमच्या घरी तो शेजारच्या काकांनी घेतला. "नाव मोठे आहे," एवढेच त्यांचे कारण होते. हा लेख त्या दोन-चार दिवसांविषयी आहे. कला शाखेपुरतेच लिहिते. प्रयोगशाळांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

निवड करता येते हीच मुळात आपल्या जिल्ह्यात नवी गोष्ट आहे. 1945 साली रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढले, तेच आजचे गोगटे-जोगळेकर. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलापुढे कॉलेज निवडण्याचा नव्हे, शहर निवडण्याचा प्रश्न असे. बोटीने मुंबई गाठायची, की आंबा घाट चढून कोल्हापूरच्या राजाराममध्ये जायचे, की पुण्याला फर्ग्युसनमध्ये? ज्याच्या घरी यातले काहीच परवडत नसे, त्याचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबे. मुलींची तर गोष्टच सोडा. आज चिपळूणला डी. बी. जे. आहे, देवरुखला आठल्ये-सप्रे-पित्रे आहे. लांजे, राजापूर, दापोली, खेड, गुहागर येथेही महाविद्यालये आहेत. बहुतेक सारी स्थानिक शिक्षणसंस्थांनी उभी केलेली, म्हणजे खाजगीच, आणि मुंबईच्या मानाने लहान.

लहान कॉलेजात प्रवेश घेणारा विद्यार्थी पहिले वर्ष पाहतो. माझे म्हणणे असे की, त्याने तिसरे वर्ष पाहावे.

याचे कारण साधे आहे. माहितीपत्रकात आठ-दहा विषय छापलेले असतात. पहिल्या वर्षी ते बहुधा शिकवलेही जातात. पण पदवी मिळते ती मुख्य विषयात, आणि मुख्य विषयाचा वर्ग चालवायला पुरेसे विद्यार्थी लागतात व शिक्षक लागतो. शंभर मुलांच्या कॉलेजात संस्कृत किंवा तत्त्वज्ञान घेणारे चारच निघाले तर वर्ग चालवणे संस्थेला जड जाते. मग कार्यालयातून निरोप येतो, "दुसरा विषय घ्या." माझ्या ओळखीची एक ताई घराजवळ म्हणून तालुक्याच्या एका कॉलेजात गेली. तिला इतिहास हवा होता. मुख्य विषय निवडायची वेळ आली तेव्हा इतिहासाला मुले कमी पडली आणि तिला अर्थशास्त्रात बसवले. ती आता अर्थशास्त्रात चांगले गुण मिळवते. जयगडाच्या किल्ल्याविषयी मात्र तासन् तास बोलते, आणि तिचे ऐकायला वर्गात कोणी नाही.

म्हणून प्रवेशापूर्वी विचारावे : गेल्या वर्षी तृतीय वर्षाला कोणकोणते मुख्य विषय प्रत्यक्ष चालले? प्रत्येकात किती विद्यार्थी होते? नव्या शैक्षणिक धोरणात चौथे, ऑनर्सचे वर्षही आहे. ते इथे होते का, की तीन वर्षांनंतर पुन्हा दुसरीकडे धावायचे, हेही विचारून ठेवावे.

दुसरा प्रश्न अनुदानाचा. अनुदानित वर्गाच्या मंजूर शिक्षकांचा पगार शासन देते, म्हणून तिथे शुल्क कमी असते. विनाअनुदानित वर्ग मुलांच्या शुल्कावर चालतो. गंमत अशी की, दोन्ही एकाच इमारतीत, एकाच पाटीखाली असू शकतात. तेव्हा "कॉलेज अनुदानित आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. "मी घेतो तो अभ्यासक्रम अनुदानित आहे का?" असे विचारावे. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर तो अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत दिसतो का, हेही पैसे भरण्याआधी पाहावे.

पण अनुदानित म्हणजे शिक्षक आहेच, असेही नाही. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर माणसे नेमली जातात. तासिकेवरचे प्राध्यापक वाईट शिकवतात असे मी मुळीच म्हणत नाही; मला व्याकरणाची गोडी लागली ती अशाच एका सरांमुळे. परंतु त्यांची नेमणूक वर्ग सुरू झाल्यावर होते, पैसे तासावर मिळतात, आणि कुठे कायमची जागा मिळाली की ते जातात. त्यात त्यांचा काय दोष? तीन वर्षांत तीन शिक्षक बदलले तर विद्यार्थ्याचे काय होते, ते मात्र समजून असावे. नॅकची श्रेणी यात फारसे सांगत नाही. ती साऱ्या कॉलेजची असते, तुमच्या विषयाची नव्हे. शिवाय तिला मुदत असते.

आता पैशांचे. पहिल्या यादीत एका ठिकाणी नाव लागले, तिथे पैसे भरले, आणि दुसऱ्या यादीत हवे ते कॉलेज मिळाले, तर? पुष्कळ पालक भरलेले पैसे गेले असे समजून गप्प बसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 सालची अधिसूचना वेगळे सांगते. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस वा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत. त्यातून फार तर 5 टक्के, तेही 5000 रुपयांपर्यंतच, कापता येतात. त्या 15 दिवसांच्या आत 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, 30 दिवसांपर्यंत 50 टक्के. पुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत, असेही त्यात आहे. अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही.

अंतराचा हिशेबही कागदावर करावा. एस.टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्याला सुमारे दोन तृतीयांश सवलत मिळते. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच आहे, हे बी.ए.ला आल्यावर खिशाला कळते. पण खरी किंमत वेळेची. कला शाखेचे तास सकाळी लवकर असतील तर गावची पहिली गाडी रहाटाघरला किती वाजता लागते, यावर पहिला तास मिळणे अवलंबून आहे. पहिल्याच तासाला आपला मुख्य विषय असला तर घराजवळचे कॉलेज खरोखर जवळचे, की वसतिगृहासाठी अर्ज करून शहरात राहणे बरे, हे ज्याने त्याने ठरवावे.

ही सारी माहिती माहितीपत्रकात सापडत नाही. ती कॉलेजच्या फळ्यावर सापडते. तृतीय वर्षाचे गेल्या वर्षीचे वेळापत्रक बहुधा तिथे उरलेले असते. आपल्या विषयापुढे कोणा प्राध्यापकाची आद्याक्षरे आहेत ते पाहावे, आणि कँटीनमध्ये त्याच वर्गाची मुले शोधून वर्षभरात किती तास झाले ते विचारावे. मुले खरे सांगतात. फक्त त्यांना चहा पाजावा लागतो.