हृदयाच्या धमन्या आणि नदीचीं वळणें

शिरोळ तालुक्यांत नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते. तेथील नदीकांठच्या माणसास ठाऊक असतें कीं, गाळ सर्वत्र सारखा बसत नाहीं. वळणाच्या आंतल्या अंगास, जेथें पाणी मंदावतें, तेथें तो सांठतो. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचेंही कांहींसें असेंच आहे.

महाधमनीच्या मुळाशीं एक उजवी व एक डावी अशा दोन धमन्या निघतात. डावीस लवकरच दोन फांटे फुटतात. मात्र हा नकाशा सर्वांचा एक नसतो. कोणास दोहोंऐवजीं तीन फांटे असतात. कोणाचा एखादा फांटा भलत्याच जागीं उगम पावतो. कोणाची धमनी कांहीं अंतर स्नायूखालून जाते. हृदयाच्या मागील व खालच्या भागास रक्त नेणारी शाखा बहुतेकांत उजव्या धमनीची, तर थोड्यांत डावीची असते. १९५८ सालीं अमेरिकेंत डॉ. मेसन सोन्स यांनीं या धमन्यांत औषध सोडून त्यांचें क्ष-किरणांनीं चित्र घेतलें. तेव्हांपासून जिवंत माणसांतील हे भेद स्पष्ट दिसूं लागले.

आतां मेदाच्या थराकडे वळूं. फांटा फुटतो तेथील बाहेरची भिंत व वळणाचें आंतलें अंग, या जागीं रक्ताचें घर्षण कमी असतें. तेथील नाजूक अस्तर दुबळें होतें आणि मेद भिंतीच्या आंत शिरतो. नदीच्या गाळासारखा तो नुसता वर बसत नाहीं. स्नायूखालून गेलेला भाग बहुधा स्वच्छ राहतो, पण त्याच्या अलीकडे थर धरतो. ज्यांत डाव्या धमनीवरच अधिक भार असतो, त्यांत ती तुंबल्यास हृदयाचा मोठा भाग उपाशी पडतो.

म्हणून जन्मजात रचनाच सर्व कांहीं ठरवते, असें मानणें चूक होय. रचना मुख्यतः थराची जागा ठरविते. थर किती वाढेल, हें बव्हंशीं रक्तांतील मेद, रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांवर अवलंबून असतें. वळण बदलतां येत नाहीं, गाळ कमी करतां येतो. तेव्हां ‘आमच्या घराण्याच्या शिराच तशा’ म्हणून हताश होऊं नये, व आपली रचना सामान्य म्हणून निश्चिंतही राहूं नये. वेळोवेळीं तपासणी करावी, तंबाखू सोडावी. आणि छातींत दाटून येऊन वेदना हातांत वा जबड्यांत उतरल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.