पाकिटावर ३२००, स्क्रीनवर १६००
नवी रॅम बसवून सीपीयू-झेड उघडलं, तर वेग दिसतो १६०० मेगाहर्ट्झच्या आसपास. पाकिटावर मात्र ३२००. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. त्यामुळे १६०० मेगाहर्ट्झवर सेकंदाला ३२० कोटी खेपा होतात. त्यालाच ‘३२०० मेगाहर्ट्झ’ म्हणणं ही विक्रेत्यांची जुनी खोड. लेबलवरचं पीसी४-२५६०० हेही त्याच रॅमचं नाव: एका खेपेत ६४ बिट, म्हणजे ८ बाइट, ३२०० गुणिले ८, सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. स्क्रीनवर १०६६ किंवा १२०० दिसलं, तर मात्र बायोसमध्ये एक्सएमपी बंद तर नाही ना, ते आधी बघा.